ठासणीच्या बंदुकीचा चाप: कानस लावण्याआधी या चुका टाळा

"चाप जड झालाय, जरा घासून द्या." आषाढ लागला की साताऱ्यातल्या आमच्या कामाच्या टेबलावर हे वाक्य हटकून येतं. पाटण, जावळीकडचे शेतकरी, पीक संरक्षणाचा परवाना असलेले, आजोबांच्या वेळची ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची, बंदूक गोणपाटात गुंडाळून आणतात. उन्हाळ्यात हीच बंदूक ठीक चालत होती, हेही तेच सांगतात. मग तीन महिन्यांत लोखंड बदललं का? नाही. लाकूड बदललं. तरीही पहिला हात कानशीकडेच जातो, आणि तिथून पुढच्या सगळ्या चुका सुरू होतात.

आधी कायद्याचं. शस्त्र कायदा, १९५९ च्या कलम ५ प्रमाणे बंदूक बनवणं, विकणं, तिच्यात बदल करणं आणि दुरुस्त करणं, या सगळ्याला परवाना लागतो. बंदूक बाळगायचा परवाना वेगळा आणि दुरुस्तीचा वेगळा. म्हणजे हे काम परवानाधारक कारागिराचंच. घरच्या शेडमध्ये किंवा कोयते करणाऱ्या ओळखीच्या लोहाराकडे चाप वाकवून घेणं हा गुन्हा आहे, आणि बहुतेक वेळा काम बिघडतंही तिथेच. मी लिहितोय ते या धंद्यात शिकणाऱ्या पोरांसाठी, आणि आपल्या बंदुकीचं नेमकं काय केलं हे कारागिराला विचारता यावं म्हणून मालकांसाठी.

दुसरी गोष्ट, नळी रिकामी आहे हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय स्क्रूला हात नाही. गज नळीत सोडायचा, तोंडापाशी बोटाने खूण धरायची, बाहेर काढून तेवढाच गज नळीच्या बाजूला लावायचा. गजाचं टोक पार मागे, ठिणगी देणारी टोपी बसते त्या बोंडीच्या रेषेपर्यंत पोचलं पाहिजे. चार बोटं अलीकडे थांबलं तर आत काहीतरी आहे. माळ्यावर वर्षानुवर्षं पडलेल्या बंदुकीत जुना बार, म्हणजे भरलेली दारू-गोळी, तसाच राहिलेला असू शकतो, आणि काळी दारू कोरडी असेल तर वय झालं म्हणून मरत नाही.

चाप काय करतो हे न समजता तो घासणं

चाप स्वतः काहीच धरून ठेवत नाही. घोडा, म्हणजे टोपीवर आपटणारा तुकडा, धरून ठेवतो तो लॉकच्या, म्हणजे बंदुकीच्या बाजूला बसवलेल्या यंत्राच्या, आतला सिअर नावाचा तुकडा. त्याचं नाक टम्बलरच्या, म्हणजे घोड्याबरोबर फिरणाऱ्या आतल्या तुकड्याच्या, खाचेत अडकलेलं असतं. सिअरचा एक हात आडवा बाहेर येऊन चापाच्या डोक्यावर असतो. बोटाने चाप ओढला की चापाचं डोकं तो हात वर ढकलतं, नाक खाचेतून सुटतं, घोडा पडतो. एवढंच. चाप ही एका खिळीवर झुलणारी तरफ आहे, आणि तो जड की हलका हे त्या तरफेच्या मापांवर ठरतं, तो किती चकचकीत आहे यावर नाही.

हिशेब सोपा आहे. समजा सिअरचा हात वर उचलायला ६ किलो जोर लागतो. खिळीपासून बोटाची जागा २४ मिलिमीटर आणि खिळीपासून सिअरच्या हाताची जागा ६ मिलिमीटर असेल, तर जोर चौपट होतो आणि बोटाला दीड किलो लागतो. आता तीच खिळी खाली आणि लांब बसवली, बोटाचं अंतर १८ आणि हाताचं ९ झालं, तर जोर दुप्पटच होतो आणि बोटाला ३ किलो ओढावं लागतं. लॉक तेच, कमान (स्प्रिंग) तीच. फरक फक्त खिळीच्या भोकाचा. म्हणून नवा चाप बसवताना भोक जितकं वर आणि सिअरच्या हाताच्या जितकं जवळ घेता येईल तितकं घ्यावं. मात्र फार जवळ नेलं तर चाप हलका होतो पण लांब ओढावा लागतो, आणि घोडा नेमका कधी पडेल ते बोटाला कळत नाही. मला स्वतःला दीड ते दोन किलोवर स्वच्छ सुटणारा चाप आवडतो. त्याहून हलका चाप शेताच्या बांधावर, काळोखात, गार पडलेल्या बोटांना द्यायला माझं मन होत नाही.

अर्ध्या घोड्यावर न तपासणं

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. शिकाऊ असताना एका बंदुकीला नवा चाप केला. डोकं उंच होतं, म्हणून घोडा पूर्ण चढवून, थोडं थोडं घासत, सिअरच्या हाताला जेमतेम टेकेपर्यंत आणलं. माझ्या मते काम झालं. उस्तादांनी घोडा अर्ध्यावर, म्हणजे पूर्ण चढायच्या आधीच्या मधल्या खाचेवर, ठेवला, लाकडी दस्त्याच्या बुडावर तळहाताचा ठोसा मारला आणि घोडा पडला.

झालं होतं असं: अर्ध्या घोड्याची खाच सगळ्यात खोल असते. नाक खोल गेलं की सिअरचा हात दुसऱ्या बाजूला सगळ्यात खाली येतो. माझ्या चापाचं डोकं तिथे आडवं येत होतं, त्यामुळे नाक खाचेच्या तळाशी बसतच नव्हतं, नुसतं ओठावर टेकलेलं होतं. अशा वेळी एक तर घोडा निसटतो, नाहीतर खाचेचा ओठ तुटतो. ज्या जागेवर भरवसा ठेवून माणूस भरलेली बंदूक घेऊन चालतो, तीच जागा कच्ची. तेव्हापासून चापाची उंची मी अर्ध्या घोड्यावरच ठरवतो. तिथे चाप बोटाला कणभर सैल लागला पाहिजे.

डोकं जास्त घासलं गेलं तर उलटा त्रास, चाप लोंबकळतो आणि खडखडतो. त्यावर उपाय आहे. पातळ पोलादी पत्रा टाकणखार लावून चांदीच्या डागाने डोक्यावर बसवायचा आणि पुन्हा मापात घासायचा. कथलाचा डाग इथे नको, तो रोजच्या दाबाला टिकत नाही.

थंडाच वाकवणं, आणि लाल करून पाण्यात बुडवणं

चापाचा बाक बदलायचा असतो, कारण बोट नीट बसत नाही किंवा चाप मागच्या गार्डला घासतो. शेगड्यात (व्हाइसमध्ये) पकडून हातोडीने ठोकला की तो नेमका मानेपाशी, खिळीच्या भोकाजवळ, चिरतो. चीर बारीक असते, पॉलिश केली की दिसतही नाही. ओतीव चाप तर थंड वाकवूच नये.

ताव द्यायचा तो डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल होईपर्यंत. हा रंग सावलीत बघावा, उन्हात तो फसवतो. वाकवायचं ते एका दमात नाही. रंग उतरला की थांबायचं आणि परत तावायचं. भोकात तेवढ्याच जाडीची खिळी घालून ठेवली तर भोक लांबट होत नाही. वाकवून झालं की चाप कोरड्या राखेत किंवा चुन्याच्या भुकटीत पुरून ठेवायचा आणि आपणहून गार होऊ द्यायचा.

इथेच घाई नडते. गरम चाप सवयीने पाण्यात जातो. साध्या एमएस, म्हणजे मऊ पोलादाच्या, पट्टीचा असेल तर त्यात कार्बनच इतका कमी की पाणी देऊनही तो कडक होत नाही, आणि कारागीर मात्र कडक झाला असं समजून पुढे जातो. ईएन-८ या जास्त कार्बनच्या पोलादाचा किंवा गाडीच्या कमानपाट्याचा असेल तर उलट काचेसारखा ठिसूळ होतो आणि एखाद्या दिवशी पडला की दोन तुकडे. कोयत्याला कमानपाटा उत्तम, चापाला नको. चापाला धार धरायची नाही. एमएसची पट्टी घ्या, आकार पूर्ण करा, आणि फक्त सिअरला लागणारी जागा झिजू नये म्हणून शेवटी वरची कातडी कडक करा. बंद लोखंडी डबीत हाडांचा कोळसा भरून, साधारण ९०० अंशांवर काही तास ठेवून मग पाणी दिलं की कातडी कडक आणि गाभा चिवट राहतो. त्यानंतर कानस लावायची नाही. ही कातडी मिलिमीटरच्या काही दशांशांइतकीच असते.

तुटलेल्या चापाला वेल्डिंग करून मग घासताना कानस घसरत असेल, तर वेल्डजवळचा भाग कडक झालाय. पुन्हा लाल करून राखेत घाला. आणि खरं सांगायचं तर तुटलेला साधा चाप जोडण्यापेक्षा नवा करणं सोपं पडतं. जुना जोडावा तो नक्षी असेल, घराण्याची खूण असेल तर.

खाचेला कानस लावणं

या चुकीला माफी नाही. चाप हलका करायला काहीजण टम्बलरची खाच किंवा सिअरचं नाक घासतात. दोन्ही जागा कडक केलेल्या असतात. कातडी निघाली की आतलं मऊ लोखंड उघडं पडतं, कोन बिघडतो, आणि आज हलका वाटणारा चाप पुढे स्वतःहून सुटायला लागतो. खाच खरोखरच झिजली असेल तर टम्बलर आणि सिअर नवे बसवायचे. मालक घाईत असला तरी.

मिरजेत तंबोरे, सतार करणारी घराणी मुळात शिकलगारांची, म्हणजे हत्यारं घडवणाऱ्या, पाजवणाऱ्या लोकांची. त्यांच्याकडे घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, कानस फिरताना पाहिलं आहे. दोन हलके हात, मग तार छेडून कान लावायचा, मग पुन्हा दोन हात. चापावर कानस फिरवताना तीच सबुरी लागते.

पावसाळ्याचं दुखणं

आता सुरुवातीच्या त्या जड चापाकडे. लॉकचे स्क्रू अर्धा फेरा सैल करून बघा. चाप लगेच हलका झाला तर दोष लाकडाचा. फुगलेला दस्ता सिअरच्या हाताला किंवा चापाच्या फटीला चावतोय. लॉक काढा, सिअरच्या हाताला आणि चापाच्या दोन्ही गालांना समईची काजळी लावा, लॉक परत बसवून स्क्रू नेहमीइतके आवळा, चाप दोन-तीनदा ओढा आणि उघडा. लाकडावर जिथे काळं उमटलं तिथेच धारदार पटाशीने कागदाएवढा पापुद्रा काढायचा. काढल्या जागेला जवसाचं तेल. लोखंडाला हातही लावायचा नाही.

तपासताना एक सांभाळा. लॉक दस्त्याबाहेर असताना घोडा मोकळा पाडू नका, टम्बलर फुटतो. घोडा नुसत्या बोंडीवर आपटू नका, मध्ये चामड्याचा तुकडा ठेवा. चकमकीच्या बंदुकीत गारगोटीच्या जागी लाकडाची चकती धरा. अर्ध्या घोड्यावर चाप जोराने ओढा, घोडा हलता कामा नये. पूर्ण चढवून दस्त्याच्या बुडावर ठोसा मारा, तेव्हाही नाही.

शेवटी चापाला ताणकाटा लावून मी आकडा वाचतो आणि तारखेसकट कागदावर लिहून मालकाच्या परवान्याच्या पाकिटात ठेवायला देतो. पुढच्या आषाढात तीच बंदूक आली आणि आकडा वाढलेला दिसला, की आधी लॉक काढून लाकूड पाहतो.