सोसायटीचा बायोगॅस: टाकी फुगते पण शेगडी पेटत नाही (सुटलं एकदाचं)

आमच्या सोसायटीत ओल्या कचऱ्यावर चालणारा बायोगॅस आहे, तरंगत्या टाकीचा. गणपतीनंतर वरची टाकी मस्त उचललेली पण काडी लावली की फुस्स, आणि वास शेणाचा नाही तर आंबट, ताकासारखा. बर्नर साफ केला, पाइपातलं पाणी काढलं, कल्चर पावडर (जिवाणूंची) टाकली, काही नाही. वैताग आला होता राव.

शेवटी स्लरीत (टाकीतल्या कचरा-पाण्याच्या काल्यात) आंबटपणा मोजायचा पीएच पेपर बुडवला, पिवळा-केशरी, म्हणजे साधारण ५ (७ च्या खाली म्हणजे आम्ल). महाप्रसादाचा उरलेला भात-शिरा सगळा एकदम आत गेलेला, त्याने आम्ल वाढतं, मिथेन करणारे जिवाणू थंडावतात आणि टाकीत जास्त करून कार्बन डायऑक्साइड भरतो, तो कसला पेटतोय.

मग हे केलं, याच क्रमाने: कचरा पूर्ण बंद. साठलेला गॅस उघड्यावर सोडून दिला (आसपास विडी-काडी नको). चुन्याची निवळी थोडी थोडी घालून ढवळायचं, दुसऱ्या दिवशी परत पीएच, पेपर हिरवा म्हणजे ७ च्या आसपास येईपर्यंत. घाई केली तर पीएच उलट जास्त चढतो. नंतर ताजं शेण आणि पाणी निम्मं-निम्मं. निळी ज्योत धरली की मगच कचरा, तोही मूठमूठ, बारीक करून.

लिंबा-संत्र्याच्या आंबट साली आता वेगळ्या बादलीत जातात. ग्रुपवरच्या मेसेजने कोणी ऐकलं नव्हतं, विंगप्रमाणे पाळी लावली आणि ज्याची पाळी त्यानेच बादली बघून ओतायची, तेव्हा जमलं.