उपग्रह-चित्रातला हवेचा परिणाम कसा काढावा

जमिनीवरून परतलेला प्रकाश हवेतून उपग्रहापर्यंत पोहोचतो. वाटेत हवेचे रेणू आणि धूलिकण त्यात विखुरलेला प्रकाश मिसळतात, तर बाष्प व ओझोन काही प्रकाश शोषून घेतात. रेणूंमुळे होणारे विखुरणे तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते, म्हणून चित्राचा निळा पट्टा (एकेका रंगाची वेगळी नोंद म्हणजे पट्टा) सर्वांत जास्त बिघडतो. लाल पट्ट्याचे आकडेही फुगतात आणि हिरव्या पिकाचा एनडीव्हीआय (हिरवाई मोजणारा निर्देशांक) खऱ्यापेक्षा कमी येतो.

१. हवेचा परिणाम काढण्याची दुरुस्ती हवी का, ते आधी ठरवा. एकाच चित्राचे वर्गीकरण (पीक, पाणी, वस्ती असे गट पाडणे) करायचे आणि त्या गटांचे नमुने त्याच चित्रातून घ्यायचे, तर ती बहुधा लागत नाही. दोन तारखांची तुलना करायची असेल तर मात्र टाळू नका.

२. तयार माल आधी पाहा. सेंटिनेल-२ उपग्रहांचे ‘एल२ए’ आणि लँडसॅट उपग्रहांचे ‘लेव्हल-२’ चित्र दुरुस्त करूनच मिळते. लँडसॅटच्या ‘कलेक्शन-२’ संचात पिक्सेलच्या आकड्याला ०.००००२७५ ने गुणून ०.२ वजा केले की परावर्तन (पडलेल्या प्रकाशापैकी परत गेलेला अंश) मिळते. सेंटिनेलमध्ये १०,००० ने भागायचे. पण प्रक्रिया-आवृत्ती ०४.०० पासून (जानेवारी २०२२) भागण्यापूर्वी १,००० वजा करावे लागतात. काही संकेतस्थळे ही वजाबाकी आधीच करून देतात, तेव्हा माहिती-फाइल वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. जुन्या-नव्या चित्रांच्या तुलना इथेच सर्वाधिक फसतात.

३. तयार चित्र नसेल तर हाताने करा. लँडसॅट-८ च्या ‘लेव्हल-१’ (हवेची दुरुस्ती न केलेल्या) चित्राच्या आकड्याला ०.००००२ ने गुणा, ०.१ वजा करा आणि सूर्याच्या उंचीकोनाच्या साइनने भागा. हे वातावरणाच्या माथ्यावरचे परावर्तन झाले.

४. आता खोल, स्वच्छ पाणी किंवा दाट सावली शोधा. अशा जागेचे खरे परावर्तन साधारण ०.०१ मानतात, त्याहून जास्त दिसेल ते हवेचे. तेवढे त्या पट्ट्याच्या सगळ्या पिक्सेलमधून वजा करा. प्रत्येक पट्ट्याची वजाबाकी वेगळी. निव्वळ किमान आकडा घेऊ नका, तो एखादा सदोष पिक्सेल असू शकतो. हिस्टोग्राममध्ये (कोणत्या आकड्याचे किती पिक्सेल आहेत त्या आलेखात) पिक्सेलची संख्या जिथे एकदम वाढते तो आकडा घ्या. ही पद्धत शोषण भरून काढत नाही. त्यासाठी हवेतून जाणाऱ्या प्रकाशाचे गणित करणारे ‘६एस’सारखे प्रारूप किंवा सेंटिनेलसाठी ‘सेन२कॉर’ हे सॉफ्टवेअर वापरा.

५. शेवटी दाट झाडीच्या परावर्तनाचा पट्ट्यांनुसार आलेख काढा. हिरव्यात लहानसा उंचवटा, निळ्या-लालमध्ये खळगा आणि जवळच्या अवरक्तात उंच उडी दिसायला हवी. बरेच आकडे शून्याखाली गेले असतील तर वजाबाकी जास्त झाली आहे. ढगाखालची जमीन मात्र कोणत्याच दुरुस्तीने दिसत नाही. ते पिक्सेल वगळाच.