अंगकोरच्या वाटेवर इशानपूर

कंबोडियाला जाणारे बहुतेक पर्यटक राजधानी नोम पेन्हहून थेट अंगकोरच्या मंदिरांजवळचे सिएम रीप गाठतात. मात्र त्याच ६ क्रमांकाच्या महामार्गावर, साधारण निम्म्या वाटेवर लागणाऱ्या काम्पाँग थॉम येथे एक मुक्काम केल्यास तेथून सुमारे ३० किलोमीटरवर असलेले संबोर प्रे कुक हे प्राचीन मंदिरस्थळ निवांतपणे पाहता येते. अंगकोरच्या कितीतरी आधी, सातव्या शतकात, राजा ईशानवर्मन याची इशानपूर ही राजधानी येथेच होती आणि २०१७ साली या स्थळाचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. दाट झाडीत विखुरलेल्या विटांच्या मंदिरांपैकी अष्टकोनी मंदिरे आवर्जून पाहावीत, कारण त्यांच्या बाहेरील भिंतींवर जणू हवेत तरंगणारे छोटे प्रासाद विटांतच कोरलेले आहेत. सकाळच्या तिरप्या उन्हात हे झिजलेले कोरीवकाम अधिक स्पष्ट दिसते. शिवमंदिरांची आवड असणाऱ्यांनी तर अंगकोरमधील एक दिवस कमी करून तो येथे द्यावा, असे माझे मत आहे. अंगकोरचे तिकीट येथे चालत नाही. रोख रकमेसाठी कमी मूल्याच्या, न फाटलेल्या डॉलरच्या नोटा जवळ ठेवाव्यात, कारण किंचित फाटलेली नोटही अनेकदा परत केली जाते. पावसाळ्यात मातीच्या वाटा निसरड्या होत असल्याने नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सोयीचा ठरतो.