फायबर लेझरची तरंगलांबी हातातून निसटते तेव्हा: या चुका टाळा

एर्बियम फायबरच्या (एर्बियम मिसळलेल्या, प्रकाश वाढवणाऱ्या काचेच्या तंतूच्या) एकाच रिळातून कापलेले दोन तुकडे. लांबी सारखी, पंपही (फायबरला ऊर्जा देणारा लेझर) तोच ९८० नॅनोमीटरचा. आमच्याकडच्या दोन विद्यार्थ्यांनी शेजारशेजारच्या टेबलांवर दोन रिंग लेझर (प्रकाश फायबरच्या वर्तुळात फिरत राहतो असे) जोडले. तरंगलांबी निवडणारा फिल्टर अजून बसवायचा होता. एकाचा लेझर १५६६ नॅनोमीटरला चालू झाला, दुसरीचा १५३२ ला. तिने दोन दिवस घालवले. पंपाचा करंट वरखाली केला, फायबर बदललं, कनेक्टर पुन्हा पुन्हा पुसले, तरी आकडा १५३२ वरून हलेना. शेवटी कपलरच्या (प्रकाश दोन वाटांत विभागणाऱ्या भागाच्या) शेपट्या एकेक करून पॉवर मीटरला लावल्या तेव्हा उलगडा झाला. नव्वद-दहाचा कपलर उलटा जोडला गेला होता. नव्वद टक्के प्रकाश बाहेर पडत होता आणि रिंगमध्ये जेमतेम दहा टक्के परत फिरत होता.

तिच्या लेझरमध्ये बिघाड काहीच नव्हता. जितका लॉस (प्रकाशाची गळती) तिने रिंगमध्ये ठेवला होता, त्याला साजेशी तरंगलांबी त्याने निवडली होती. या विषयातल्या निम्म्याहून अधिक तक्रारींचं मूळ इथेच सापडतं, म्हणून सुरुवात इथूनच करतो.

लॉस न मोजता फिल्टरला दोष देणं

एर्बियमचा आयन १५३० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश देतो आणि तिथेच तो जोरात शोषूनही घेतो. बहुतेक आयन वरच्या पातळीवर चढलेले असतील तर गेनचं (प्रकाशाच्या वाढीचं) शिखर १५३० ला असतं. निम्मेच चढलेले असतील तर १५३० चा प्रकाश फायबर स्वतःच गिळून टाकतं. १५६० च्या पुढे शोषण कमी असतं, त्यामुळे तिथे गेन शिल्लक राहतो आणि लेझर तिकडे सरकतो.

आता खरी मेख. लेझर एकदा चालू झाला की एका फेरीतला गेन एका फेरीतल्या लॉसइतकाच राहतो. म्हणजे किती आयन वर राहणार हे पंप ठरवत नाही, रिंगमधला लॉस ठरवतो. म्हणूनच पंप दुप्पट केला तरी तरंगलांबी जवळपास तिथेच राहते आणि फक्त पॉवर वाढते. उलट एखादा वाईट स्प्लाइस (फायबरचा वितळवून केलेला जोड), मळका कनेक्टर किंवा उलटा कपलर तिला तीस-पस्तीस नॅनोमीटर खेचून नेतो. फायबरची लांबीही याच हिशेबात येते. तोच लॉस जास्त लांबीवर वाटला गेला की प्रत्येक मीटरमागे कमी आयन वर लागतात आणि लेझर लांब तरंगलांबीकडे जातो. १५३५ ला लेझर हवा असेल आणि वीस मीटर फायबर घातलं असेल, तर फिल्टर कितीही चांगला असला तरी तो लेझर रडतखडतच चालेल. फायबर कापावं लागेल, दुसरा इलाज नाही.

स्प्लाइसकडे विशेष लक्ष द्या. एर्बियम फायबरमध्ये प्रकाशाचा ठिपका साध्या सिंगल मोड फायबरपेक्षा बराच लहान असतो. स्प्लाइसिंग मशीनवर नेहमीचा प्रोग्राम लावून जोड मारला की पडद्यावर तो सुरेख दिसतो, पण मीटरवर लॉस दिसतो. एर्बियमसाठी वेगळा प्रोग्राम घ्या आणि मशीनने दाखवलेल्या अंदाजावर न थांबता प्रत्येक जोड मोजा.

अंधारात हिरवा उजेड न बघणं

ही तपासणी फुकटची आहे, तरी फारच थोडे लोक ती करतात. सगळे कनेक्टर बंद असल्याची खात्री करा आणि खोलीतले दिवे मालवा. ९८० च्या पंपावर चालणारं एर्बियम फायबर हिरवं चमकतं. दोन पंप फोटॉनांची ऊर्जा एकाच आयनात साठते आणि तो हिरव्या रंगात ती सोडतो. पंप जिथून शिरतो तिथे उजेड ठळक असतो, पुढे वेटोळ्यागणिक फिका होत जातो. शेवटची वेटोळी पार काळोखी दिसली तर तिथे पंप पोहोचतच नाही. तो भाग प्रकाश वाढवायच्या ऐवजी शोषत बसला आहे, आणि तोच तुमची तरंगलांबी पुढे ढकलतो आहे. सुरुवातीच्या जोडावरच उजेडाचा ठिपका फुटलेला दिसला, तर पंप तिथेच सांडतो आहे.

वेटोळं दुरून बघायचं, फायबरच्या टोकात कधीही डोकावायचं नाही. ९८० चा प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याच्या पडद्यापर्यंत थेट पोहोचतो. १५५० ला 'डोळ्याला सुरक्षित' म्हणायची पद्धत आहे, तिच्यावरही विसंबू नका. तो पडद्यापर्यंत पोहोचत नसला तरी पुरेशी पॉवर असेल तर बुब्बुळाचा पारदर्शक पुढचा भाग जाळतो.

ग्रेटिंग धातूवर चिकटवून निश्चिंत होणं

फायबरच्या गाभ्यातच ग्रेटिंग (ठरावीक तरंगलांबीच परत पाठवणारी बारीक पट्ट्यांची रचना) लिहिता येतं, हे १९७८ मध्ये ओटावाच्या संशोधन केंद्रात केनेथ हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. जर्मेनियम असलेल्या फायबरमध्ये आर्गॉन लेझरचा प्रकाश सोडल्यावर परत येणारा प्रकाश वाढत गेलेला त्यांना दिसला. तरंगलांबी पक्की करायला आजही यापेक्षा सुटसुटीत साधन नाही. पण पक्की म्हणजे अचल नव्हे. १५५० च्या ग्रेटिंगची तरंगलांबी तापमानाच्या एका अंशाला सुमारे १० पिकोमीटर सरकते आणि दहा लाखात एक भाग ताणलं की सुमारे १.२ पिकोमीटर.

नेहमी होणारी चूक अशी की ग्रेटिंग हलू नये म्हणून ते अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर दोन्ही टोकांना घट्ट चिकटवलं जातं. अ‍ॅल्युमिनियम काचेपेक्षा कितीतरी जास्त प्रसरण पावतं आणि सोबत फायबरही ताणतं. मग तेच ग्रेटिंग अंशाला साडेतीन पट, म्हणजे ३५ पिकोमीटरच्या घरात सरकायला लागतं. सकाळी एसी नुकताच लावलेला असताना घेतलेलं वाचन आणि दुपारचं वाचन जुळत नाही, आणि मग शंका फायबरवर घेतली जाते. ग्रेटिंग एकाच टोकाला धरा, दुसरं टोक मोकळं सोडा आणि ते पंपाच्या ड्रायव्हरच्या पंख्यापासून लांब ठेवा. मुद्दाम सरकवायचंच असेल तर दाबून सरकवा. काच ताण फार सोसत नाही, दाब बराच सोसते.

ग्रेटिंग बसवूनही स्पेक्ट्रममध्ये भलतीकडे दुसरं शिखर उगवलं, तर फायबरची मोकळी टोकं बघा. सरळ कापलेल्या टोकावरून जवळपास चार टक्के प्रकाश परत येतो, आणि भरपूर गेन असलेल्या फायबरला आरसा म्हणून तेवढा पुरतो. टोक तिरकं कापा किंवा आठ अंशांचा हिरवा कनेक्टर लावा. मात्र हिरवा कनेक्टर निळ्यात खुपसू नका. तो बसतो, पण दोन्ही टोकांमध्ये हवेची फट राहते आणि पुन्हा लॉस वाढतो.

पॅडल फिरवलं आणि तरंगलांबी बदलली?

तर रिंगमध्ये कुठेतरी एखादा भाग एका ध्रुवणाला (प्रकाशाच्या कंपनाच्या दिशेला, पॅडल तीच बदलतं) दुसऱ्यापेक्षा जास्त लॉस देतो आहे. फायबरच्या वेटोळ्यांमधलं द्विअपवर्तन (दोन ध्रुवणांचा वेगवेगळा वेग) आणि तो भाग मिळून तुम्ही न मागितलेला फिल्टर तयार होतो. टेबलावर लोंबणारं फायबर हाताच्या वाऱ्याने हललं तरी हा फिल्टर सरकतो. फायबर टेपने टेबलावर नीट चिकटवा. कायमचा उपाय हवा असेल तर सगळी रिंग ध्रुवण राखणाऱ्या फायबरची करा. ते महाग पडतं, पण रोज सकाळी पॅडल जुळवण्यात जाणारा वेळ वाचतो.

वाचनातल्या चुका

दोन स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर (तरंगलांबी मोजणारी यंत्रं) एकाच लेझरसाठी ०.४ नॅनोमीटरच्या फरकाने वाचन देत असतील, तर दुरुस्तीला पाठवण्याआधी सेटिंग उघडा. एक हवेतली तरंगलांबी दाखवत असेल, दुसरा निर्वातातली. १५५० ला हा फरक ०.४२ नॅनोमीटर येतो.

आणि पडद्यावर एकच बारीक रेघ दिसली म्हणून लेझर एकाच मोडवर (रिंगमध्ये टिकणाऱ्या एकाच वारंवारतेवर) चालतो, असं लिहून टाकू नका. वीस मीटरच्या रिंगमध्ये मोड सुमारे १० मेगाहर्ट्झच्या अंतराने असतात. अ‍ॅनालायझरचं ०.०२ नॅनोमीटरचं रिझोल्यूशन म्हणजे अडीच गिगाहर्ट्झ. त्या एका रेघेत अडीचशे मोड सहज लपतात. फोटोडायोड लावून आरएफ (रेडिओ वारंवारतेचा) स्पेक्ट्रम बघा. तिथे १० मेगाहर्ट्झच्या पटीत शिखरं दिसली तर मोड अनेक आहेत.

एकाच एर्बियम रिंगमधून दोन तरंगलांबी एकदम आणि स्थिर हव्या असतील, तर नुसते दोन फिल्टर बसवून भागत नाही. सामान्य तापमानाला सगळे आयन जवळपास एकाच गेनवर वाटा सांगतात, मग एक रेघ दुसरीला खाऊन टाकते. फायबर द्रव नायट्रोजनमध्ये, म्हणजे ७७ केल्विनला, बुडवल्यावर दोन्ही रेघा टिकतात, कारण आयनांचा एकसारखेपणा तिथे मोडतो. रोजच्या वापराला ते जमणारं नाही. दोन वेगळे लेझर करून कपलरने एकत्र आणणं बरं.

यटर्बियमवाल्यांना (एर्बियमऐवजी यटर्बियम मिसळलेलं फायबर वापरणाऱ्यांना) वरचं बहुतेक सगळं लागू आहे, फक्त आकडे १०३० ते १०८० च्या दरम्यानचे. भोसरी-चाकणकडच्या शॉपमध्ये पत्रा कापणारी यंत्रं साधारण १०७० ते १०८० वर चालतात. तिथला जास्तीचा त्रास पंपाचा असतो. यटर्बियमचं ९७६ चं शोषण फारच अरुंद असतं आणि साधा पंप डायोड अंशाला सुमारे ०.३ नॅनोमीटर सरकतो. मे महिन्यात चिलरचं पाणी दहा अंशांनी चढलं तर डायोड शिखरावरून ३ नॅनोमीटर घसरतो आणि न शोषलेला पंप पुढच्या टोकाला उष्णता बनून बाहेर पडतो. पॉवर कमी झाली की लोक आधी करंट वाढवतात आणि डायोड आणखी तापतो. आधी चिलरचा आकडा वाचा. तो ठीक असेल तर करंटला हात लावा.