बिट की बिटलेस? आधी घोड्याचं तोंड बघा

तोंडातलं बिट (लगामाची तोंडात बसणारी आडवी दांडी) काढून बिटलेस, म्हणजे बिट नसलेला लगाम घातला की घोड्याचा त्रास संपला, असं धरून चालू नका. ओढ तीच राहते, फक्त तिची जागा बदलते. बिटचा दाब जीभ, हिरडी आणि ओठांच्या कोपऱ्यांवर येतो. बिटलेसचा येतो नाकाच्या हाडावर, हनुवटीखाली आणि कानांमागे.

बिट बसतं ते पुढचे दात आणि दाढा यांच्यामधल्या मोकळ्या हिरडीवर. दोन्ही बाजूंना अंगठा फिरवून बघा: जखम, सूज, हाडाचा उंचवटा लागतो का? वरच्या दाढांपुढे कधीकधी वुल्फ टूथ नावाचा बारीक दात असतो, बिटमुळे तो दुखू शकतो. घोडा डोकं झटकत असेल, जीभ बिटवर काढत असेल किंवा एकाच बाजूला वळायला नाखूश असेल, तर पशुवैद्याकडून दात तपासून घ्या. जखम भरेपर्यंत बिट नकोच.

बिट वापरायचं तर साधं, गुळगुळीत स्नॅफल (तरफ नसलेलं, बहुधा मध्ये सांधा असलेलं बिट) घ्या. मापासाठी तोंडात आडवी दोरी धरा, ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांशी खूण करा आणि त्या अंतरात एक सेंटिमीटर मिळवा. म्हणजे दोन्हीकडे अर्धा-अर्धा सेंटिमीटर मोकळा राहतो. रुंद बिट सरकतं, मधला सांधा एका बाजूला जातो आणि जीभ चिमटते. ओठांच्या कोपऱ्याशी एक-दोन सुरकुत्या पडतील एवढ्या उंचीवर ते बसवा. फार खाली लोंबलं तर नराच्या सुळ्यांवर आपटतं. काटेरी लगामाचा तर विचारही करू नका. 1965 च्या ओझे व गाडी ओढणाऱ्या जनावरांविषयीच्या केंद्रीय नियमांनी त्यावर बंदी आहे, आणि ती योग्यच आहे.

बिटलेसमध्ये सुरुवातीला साइडपुल बरं. रेन्स (हातात धरायचे लगामाचे पट्टे) नाकपट्टीच्या दोन्ही बाजूंना असतात, त्यामुळे वळण्याचा इशारा घोड्याला स्पष्ट कळतो. क्रॉस-अंडरमध्ये पट्टे जबड्याखालून एकमेकांना छेदून जातात. ते अडकले तर हात सैल सोडला तरी दाब सुटत नाही आणि घोडा गोंधळतो, म्हणून पट्टे सहज सरकतात ना ते आधी बघा. मेकॅनिकल हॅकमोरला तरफेची दांडी असते. ती जितकी लांब, तितका जोर वाढतो. कच्च्या हातात हे स्नॅफलपेक्षा कठोर ठरतं, नवशिक्याला देऊ नका.

सगळ्यात जास्त चुका नाकपट्टीच्या उंचीत होतात. गालाच्या हाडाची कड बोटाने चाचपत खाली या. ती संपते तिथून दोन बोटं खाली पट्टी हवी. आणखी खाली नाकाचं हाड निमुळतं होऊन संपतं. तिथे दाब दिला तर दुखतं आणि श्वासही अडतो. नाकाच्या हाडावर पट्टीखाली दोन बोटं आडवी जायला हवीत. त्याहून सैल साइडपुल ओढीसरशी फिरतं आणि गालपट्टा डोळ्यात घुसतो.

बदल एकदम करू नका. कुंपणाच्या आत, आधी खाली उभं राहून थांबणं, तीन पावलं मागे सरणं आणि दोन्हीकडे वळणं करून घ्या. मग स्वार होऊन काही दिवस बिट आणि बिटलेस, दोन्हींचे रेन्स हातात धरा. रोज 15-20 मिनिटं पुरेत. दुडक्या चालीतून नुसत्या बिटलेसवर घोडा हमखास थांबू लागला की मगच रस्त्यावर न्या.

स्पर्धेला जाणार असाल तर नियम आधी वाचा: एफईआयच्या (आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघ) ड्रेसाजमध्ये, म्हणजे शिस्तबद्ध चालींच्या स्पर्धेत, बिट लागतंच, शो जंपिंगमध्ये हॅकमोर चालतं.

फेरी संपली की घाम पुसून नाक, हनुवटी आणि कानांमागे हात फिरवा. केस घासले गेले असतील किंवा जागा गरम लागत असेल, तर पट्टी सुधारेपर्यंत ते ब्रायडल (डोक्यावरचा लगामाचा साज) खुंटीलाच राहू द्या.