गोदाकाठच्या गावाचा इतिहास लिहायचा तर आधी पात्रात उतरा

नाशिक जिल्ह्यात गोदाकाठच्या जवळजवळ प्रत्येक गावात प्रभू रामचंद्रांनी एक रात्र मुक्काम केलेला आहे. गावाचा इतिहास लिहायला बसलेला माणूस तिथूनच सुरुवात करतो, दुसऱ्या पानावर शिवकाळात येतो, तिसऱ्या पानापासून आजी-माजी सरपंचांचे फोटो लागतात. अशा पुस्तिकेत गावाचे नाव बदलून शेजारच्या गावाचे घातले तरी काही बिघडत नाही, आणि तीच तिची उणीव. नदीकाठचे गाव वेगळे ठरते ते नदीने त्याला कुठे वसू दिले, कुठून उठवले आणि काय पिकवू दिले यावरून. म्हणून काम नदीपासून सुरू करावे, दप्तराकडे नंतर वळावे आणि माणसांकडे मात्र दोनदा जावे.

पाणी उतरले की पहिली फेरी

पहिली पाहणी चैत्र-वैशाखात ठेवा. तरीही तारीख ठरवण्याआधी पाटबंधारे शाखेत जाऊन आवर्तन (धरणातून पाणी सोडायची पाळी) कधी सुटणार ते विचारून घ्या, कारण गोदेचे पात्र आता पावसावर कमी आणि आवर्तनावर जास्त भरते. नांदूरमधमेश्वरला गोदावरी आणि कादवेच्या संगमावर बंधारा आहे. त्याचा फुगवटा वर बराच मागे येतो, आणि चांदोरीची पात्रातली दगडी मंदिरे पाणी खाली गेले तरच उघडी पडतात. एरवी त्यांच्यावरून पाणी वाहते आणि काठावर उभ्या माणसाला पत्ताही लागत नाही. तुमच्या गावात मंदिर नसेल, पण घाटाच्या खालच्या पायऱ्या, जुन्या उताराचे फरशीदगड, नावेचे दोर बांधायचे खुंट हे सगळे अशाच दिवसांत दिसते.

सोबत गाव नकाशाची प्रत हवी. ती तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करून मिळते. नकाशावर अंतर मोजताना हमखास होणारी चूक म्हणजे साखळी, जमीन मोजायचे जुने माप. आपल्याकडच्या मोजणीची साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. ३३ × ३३ फुटांचा चौरस म्हणजे १ गुंठा आणि ४० गुंठ्यांचा १ एकर. पुस्तकातून ६६ फुटांची इंग्रजी साखळी शिकलेला माणूस तीच इथे लावतो आणि गावठाणापासून घाट दुप्पट लांब नेऊन ठेवतो. कोपऱ्यातले प्रमाण वाचा, मग एखादे न हललेले ठिकाण (मारुतीचा पार, जुनी विहीर) धरून प्रत्यक्ष टेपने पडताळा करा.

काठाने चालताना वरच्या अंगाने खाली या आणि नकाशावर एवढे तरी टिपा: घाट, उतार, नावेची जागा, परीटघाट, स्मशान, गुरे पाण्यावर आणायची वाट, मळईची (नदीच्या गाळाने बनलेली) जमीन, आणि प्रत्येक डोहाचे नाव. डोहांची नावे कुठल्याच सरकारी कागदावर नसतात. ती मासेमारी करणाऱ्यांच्या आणि पूर्वी नाव चालवणाऱ्यांच्या तोंडी असतात, आणि वाळू उपशाने डोहच गेले की नावेही जातात. त्यामुळे ही यादी आधी करा.

पुराची रेषा पकडणे

गावातल्या म्हाताऱ्या माणसाला साल आठवत नाही, पूर आठवतो. ‘मोठ्या पुरानंतर दोन वर्षांनी वाडा पाडला’ हे वाक्य तुमच्या कामाचे आहे, पूर कोणता ते नक्की केले तर. नाशिककडे गोदेच्या अलीकडच्या मोठ्या पुरांचे खुंट असे: १९६९, सप्टेंबर २००८, ऑगस्ट २०१६, ऑगस्ट २०१९. बोलणाऱ्याला या चारांत आपली आठवण अडकवू द्या. नाशिक शहरात रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीला पाणी कुठपर्यंत आले यावरून पूर मोजतात. तुमच्या गावातही तसा एक दगड, पायरी किंवा उंबरा असतोच. तो शोधा.

मग रेषा प्रत्यक्ष मोजा. गवंडी वापरतात ती नळीची लेव्हल पुरते: १५ ते २० मीटर पारदर्शक नळी, आतून ८-१० मिलिमीटर, त्यात थोडी नीळ घातलेले पाणी. सांगणाऱ्याने दाखवलेल्या खुणेला एक टोक आणि पक्क्या बांधकामावर (मंदिराचे जोते, शाळेची पायरी) दुसरे. दोन्ही टोकांवरचे अंगठे काढा, पाणी स्थिर होऊ द्या, मग खूण करा. नळीत बुडबुडा राहिला तर पातळी खोटी येते, म्हणून भरताना एक टोक बादलीत ठेवून सावकाश भरा आणि संपूर्ण नळी बोटांनी दाबत तपासा. उन्हात पडलेली नळीही एकीकडे गरम, एकीकडे गार असली की फसवते. सकाळी काम उरका. अंतर जास्त असेल तर टप्प्याटप्प्याने जा आणि उलट मोजत मूळ खुणेवर परत या. फरक २ सेंटीमीटरच्या आत आला तर ठीक, नाहीतर पुन्हा.

एकाच पुराची खूण दोघांकडून, वेगवेगळ्या वेळी घ्या. दोघांना एकत्र बसवले तर दुसरा पहिल्याच्या खुणेला मान डोलावतो. भिंतीवरचा डाग हा पुरावा म्हणून कच्चा असतो: मातीची भिंत पाणी ओढून घेते आणि ओल पाण्याच्या पातळीच्या वर चढते. दगडी भिंतीतल्या सांध्यात अडकलेला गाळ त्याहून भरवशाचा.

पुरांची तुलना करताना धरणे विसरू नका. दारणा धरण १९१६ चे, गंगापूर १९६५ मध्ये पुरे झाले. गंगापूर धरणाच्या खालच्या गावात १९६५ च्या आधीचा पूर म्हणजे नदीचा आपला पूर. नंतरचा पूर हा पाऊस आणि विसर्ग मिळून झालेला. चांदोरी-सायखेड्यापर्यंत येता येता गोदेला दारणाही मिळालेली असते आणि पुढे नांदूरमधमेश्वरचा फुगवटा असतो, शिवाय पुलाला अडकलेल्या पाणवेली पाणी तुंबवतात. तिथला पूर नाशिकच्या रामकुंडाच्या मापाने मोजून चालत नाही.

कागद कुठे आणि कोणता

तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात अर्ज देताना ‘गावाची जुनी कागदपत्रे मिळावीत’ असे लिहू नका. तो अर्ज परत येतो किंवा तसाच पडून राहतो. कागदाचे नाव आणि सालांचा टप्पा लिहा.

गाव नमुना ६, म्हणजे फेरफार. हक्कनोंदणी १९०३ च्या कायद्याने आली, त्यामुळे त्यानंतरची खरेदी, गहाण, वारस, वाटप इथे सापडते. नदीने खाल्लेली जमीन किंवा काठाला नव्याने पडलेली मळई हीसुद्धा काही वेळा फेरफारातच दिसते. गट नंबर मात्र १९४७ च्या जमीन एकत्रीकरण कायद्यानंतरचे आहेत. आजचा गट नंबर घेऊन १९२० च्या फेरफारात शोधणारा माणूस भलत्याच्याच वावरात उभा राहतो. जुन्या सर्व्हे नंबरांचा आणि गटांचा जोडतक्ता भूमी अभिलेखकडून आधी घ्या.

गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंद. गावात त्याला कोतवाल बुक म्हणतात. गावाचा स्वभाव समजायला याच्याइतके बोलके दुसरे काही नाही. १९१८ सालची पाने उघडा आणि मृत्यूच्या नोंदी महिन्यावार मोजा: ती मानमोडी, इन्फ्लुएन्झाची साथ. कारणाच्या रकान्यात बहुधा नुसता ‘ताप’ सापडतो, म्हणून कारण वाचण्यापेक्षा संख्या मोजणे महत्त्वाचे. यात जात लिहिलेली असते. मोजणीसाठी वापरा, पण कुणाच्या घराण्याचे नाव घालून छापू नका. गावात त्यावरून उठणारी भांडणे पुस्तिकेपेक्षा जास्त टिकतात.

शाळेचे जनरल रजिस्टर मुख्याध्यापकांच्या परवानगीने शाळेतच बसून पाहा. वडिलांचा धंदा या रकान्यातून नावाडी, कुंभार, तेली, साळी गावात कधीपर्यंत होते ते दिसते.

जनगणना मुंबई इलाख्यात १८७२ ची पहिली, मग १८८१ ते २०११ दर दहा वर्षांनी. गावाचे आकडे एका ओळीत मांडले की १९०१ ला अनेक गावे खाली बसलेली दिसतात. त्याआधीच्या पाच वर्षांत प्लेग आणि दोन दुष्काळ होऊन गेले होते, एवढे वाक्य शेजारी लिहिले नाही तर वाचक समजतो गाव ओसाड पडायला लागले. १८८३ चे नाशिक जिल्ह्याचे इंग्रजी गॅझेटियरही पाहा. ते साहेबाच्या नजरेचे आहे: बाजार, महसूल, रस्ते, देवळे नीट, गावकुसाबाहेरची वस्ती ओझरती. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचे आहे. जुनी छापील पुस्तके आणि नियतकालिके शोधायला तिथून सुरुवात करावी.

मोडी कागद हाती आला तर घाई नको. मोडीत आधी ओळ ओढून अक्षरे तिला लटकवलेली, शब्द तोडलेले नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. शेजारच्या दोन गावांची नावे एकसारखी वाचली जाणे हा नेहमीचा अपघात. वाचकाकडून लिप्यंतर करून घ्या, अर्थ नको. अर्थ दुसऱ्या वेळी काढा. त्याने ‘असे असावे’ म्हटलेला प्रत्येक शब्द चौकटी कंसात राहू द्या.

तारखांत सगळ्यात जास्त पाय घसरतो. इसवी सन काढायला शकात ७८ मिळवा. पौष ते फाल्गुनातली तारीख जानेवारीनंतर पडत असेल तर ७९. पेशवाई कागदात सुहूर सन अरबी शब्दांत, एकंपासून उलटा लिहिलेला असतो: ‘खमस सबैन मया व अलफ’ म्हणजे ५, ७०, १०० आणि १००० मिळून ११७५. त्यात ५९९ मिळवले की १७७४. हे साल मृगाला सुरू होते, तेव्हा कागद जून १७७४ ते जून १७७५ मधला. फसलीत, म्हणजे महसुली सालात, ५९० मिळवायचे, तेही मृगापासून. महिना रबिलावल, रमजान असा दिसला तर ती चांद्र तारीख आहे. नुसते साल मिळवून ती इंग्रजी महिन्यात बसवू नका, जंत्री (तारखा जुळवायचे तक्ते) पाहा.

आणि गावाचा कागद गावातच असेल असे धरून चालू नका. गाव ज्याच्या सरंजामात किंवा इनामात होते त्याच्या दप्तरात तो असतो. चांदोरी पेशव्यांचे दिल्लीतले वकील हिंगणे यांचे. त्यांचे दप्तर छापलेले आहे. पुण्याच्या पुरालेखागारात, म्हणजे पेशवे दप्तरात, जाताना गावाचे नाव नव्हे तर परगण्याचे आणि सरंजामदाराचे नाव घेऊन जा.

दगड आणि देऊळ

काळ्या पाषाणाचे देऊळ दिसले की ‘हेमाडपंती’ लिहायची सवय लागली आहे. आधी सांधे बघा. चुन्याशिवाय दगडावर दगड बसवलेला असेल तर जुन्याची शक्यता. खाली तसा दगड आणि वर चुन्या-विटांचे शिखर असेल तर वरचे काम बऱ्याच नंतरचे. दोन्ही काळ वेगळे लिहा. वीरगळ आणि सतीशिळा बहुधा पाराखाली किंवा वेशीजवळ असतात. फोटो सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी, तिरप्या उन्हात, शेजारी पट्टी ठेवून. अक्षरे उठून दिसावीत म्हणून खडू, तेल, रंग लावू नका. दगडाची झीज वाढते आणि पुढच्या वाचकाला तुम्ही चुकीची भरलेली रेघच अक्षर वाटते. शेंदराचा थर काढायचा आग्रह तर मुळीच धरू नये, तो गावाचा देव आहे.

रामायणातली कथा गावात असेल तर ती जशी सांगतात तशी, सांगणाऱ्याच्या शब्दांत, ‘परंपरा’ या मथळ्याखाली लिहा. तिला साल लावू नका, खोटीही म्हणू नका.

माणसांकडे दुसऱ्यांदा

पहिल्या फेरीत डोह आणि पूर विचारले. दुसऱ्या फेरीत कागद घेऊन जा. ‘इतिहास सांगा’ म्हटले की माणूस भाषण देतो. त्याऐवजी विचारा: पाणी चढताना पहिले घर कोणाचे रिकामे होते? माणसे कुठे जातात, गुरे कुठे? नाव बंद कधी झाली, पूल कधी झाला? मोट कोणत्या साली गेली, वीज कोणत्या विहिरीवर आधी आली? नदीपलीकडे दिलेल्या लेकी पावसाळ्यात माहेरी कशा यायच्या? शेवटचा प्रश्न बायकांनाच विचारा आणि पुरुष उठून गेल्यावर विचारा.

पहिल्या प्रश्नाच्या उत्तरात गावाची सारी रचना उघडी पडते. सखल भागात कोण राहायला लागले आणि उंचवट्यावर कोणाचे वाडे आहेत, हे पुराच्या क्रमाने मांडले की ‘गाव एकोप्याने नांदते’ या वाक्याची गरज उरत नाही, आणि बहुतेक वेळा ते लिहवतही नाही.

प्रत्येक माहिती वेगळ्या चिठ्ठीवर: काय, कधी, कोणी सांगितले किंवा कोणत्या कागदात, कोणत्या दिवशी टिपले. वहीत सलग लिहिले तर महिनाभराने ऐकलेले आणि वाचलेले एकमेकांत मिसळते. छापण्याआधी कच्चा मजकूर मारुतीच्या पारावर मोठ्याने वाचा. चुका तिथे फुकट निघतात, छापल्यावर प्रत्येक चुकीचा एक नातेवाईक भेटतो. प्रती ग्रामपंचायत, शाळा आणि वाचनालय अशा तीन ठिकाणी ठेवा, पंचायतीची प्रत पूररेषेच्या वरच्या कपाटात. पुराच्या तक्त्यात २०१९ च्या खाली चार ओळी कोऱ्या सोडा, आणि मोजमापाची पक्की खूण कुठे आहे ते त्याच पानावर लिहा.