एनआयसीयूत पाकीट फोडण्याआधी या चुका टाळा

"असू दे, लागलं तर" म्हणून आधीच फोडून ठेवलेलं सामान एनआयसीयूच्या, म्हणजे नवजात बाळांच्या आयसीयूच्या, ट्रॉलीवर दिसलं की माझं डोकं फिरतं. त्यात सगळ्यात महागात पडतं ते सरफॅक्टंट, म्हणजे अपुऱ्या दिवसांच्या बाळाची फुफ्फुसं उघडी राहावीत म्हणून द्यायचं औषध.

एका नाइटला १ किलो १०० ग्रॅमचं बाळ सीपॅपवर (नाकातून दाबाने हवा देणाऱ्या यंत्रावर) होतं. सरफॅक्टंट द्यायचं की थांबायचं, हे सर ठरवत होते. तेवढ्यात नव्या रेसिडेंटने वायल (औषधाची बाटली) तळहातात धरून कोमट केली आणि सुई टोचून पावणेतीन मिली सिरिंजमध्ये भरलंसुद्धा. डोस बिनचूक, पोरॅक्टंट (सरफॅक्टंटचाच एक प्रकार) किलोला २०० मिलिग्रॅम. पण बाळाचा ऑक्सिजन हळूहळू कमी करता आला, सीपॅपवरच भागलं आणि भरलेली सिरिंज गेली कचऱ्यात. यात प्रिझर्व्हेटिव्ह नसतं, त्यामुळे टोचलेली वायल पुढच्या बाळासाठी ठेवता येत नाही. नुसती बाहेर काढली असती, तर २४ तासांच्या आत एकदा परत फ्रिजमध्ये ठेवता आली असती. किंमत विचारली तर त्याने सांगितलेला आकडा खऱ्याच्या जवळपासही नव्हता. तो एकटा नाही; डॉक्टर स्वस्त औषध महाग समजतात आणि महाग औषध स्वस्त, हे अभ्यासांतही दिसलंय.

माझ्या ड्यूटीत "देतोय" हा शब्द कानावर पडेपर्यंत सील निघत नाही. वायल बाहेर काढल्याची वेळ तिच्यावरच लिहायची.

पिकलाइनचं (शिरेतून हृदयाजवळ न्यायच्या बारीक नळीचं) पाकीट शीर नक्की केल्यावरच उघडा.

ईटी ट्यूब (श्वासनलिकेत घालायची नळी) वजन बघून काढा: १ किलोच्या आत २.५ मिमी, १ ते २ किलोला ३. शेजारचे साइझ हाताशी हवेतच, पण बंद पाकिटात. बाळ निळं पडलं असेल तर मात्र हिशेब करत बसू नका, लागेल ते फोडा.

रीडिंग येत नाही म्हणून सॅच्युरेशनचा (रक्तातला ऑक्सिजन मोजायचा) प्रोब फेकणारे उतावीळ वेगळेच. आधी पाय गार आहे का बघा, प्रोबचा दिवा आणि सेन्सर समोरासमोर आणा, जागा बदला. निम्म्या वेळा तेवढ्यावर भागतं.

किंमत कळल्यावर काही जण उलट टोक गाठतात. ग्लोव्हज वाचवायचे, एकदाच वापरायचा सक्शन कॅथेटर (कफ ओढायची नळी) धुऊन पुन्हा घालायचा. ही काटकसर मला अजिबात खपत नाही. एक सेप्सिस (रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग) झाला की अँटिबायोटिक, कल्चर आणि वाढलेले दिवस, सगळं बिलात येतं. बाळाचे हाल वेगळेच.

भिंतीवरचा दरांचा तक्ता कुणी वाचत नाही. मी कपाटाच्या कप्प्याच्या कडेला, हात जातो तिथेच, पेन्सिलने किंमत लिहिते आणि नवीन बिल आलं की खोडून बदलते.